विमानांच्या गावातील जमाखर्च

अमेरिकेच्या नकाशाचा मध्य शोधत बोट फिरवले, तर ते कॅन्सस राज्यात कोठेतरी येऊन थांबते. विचिटा हे त्या राज्यातील सर्वांत मोठे शहर. येथे समुद्र नाही, डोंगर नाही, पाहुण्यांची रीघ लागावी असे एखादे जगप्रसिद्ध स्थळही नाही. क्षितिजापर्यंत गव्हाची सपाट शेते, त्यांवरून अखंड वाहणारा वारा आणि शहराच्या मधून जाणारी एक शांत नदी. नकाशात त्या नदीचे नाव आर्कन्सॉ. पण कॅन्ससच्या हद्दीत कोणी तसा उच्चार केला, तर लोक हसून दुरुस्ती करतात. येथे ती 'आर्कॅन्झस'. छोटी आर्कॅन्झस मोठीला जेथे मिळते, त्या संगमावर तेथील मूळ रहिवाशाचा एक ४४ फुटी पोलादी पुतळा आकाशाकडे हात करून उभा आहे. संध्याकाळी तेथे जाऊन बसलो, की थोड्या थोड्या वेळाने डोक्यावरून एखादे छोटे विमान जाई, आणि मान वर करून पाहणारा बहुधा मी एकटाच असे. गावकऱ्यांना त्याचे नावीन्य उरलेले नाही. इचलकरंजीत मागाचा आवाज, तसा येथे विमानाचा.

या शहराने स्वतःला 'जगाची विमान-राजधानी' असे बिरुद लावून घेतले आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. सेस्ना, बीचक्राफ्ट, स्टीअरमन, लिअरजेट ही सारी नावे या एकाच गावाची. बोईंग ७३७ या मोठ्या विमानाचा सांगाडाही येथेच तयार होतो आणि रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढून दूर वॉशिंग्टन राज्यातील रेंटन गावी जातो. पंख नसलेली, हिरवट रंगाची ती धडे मालगाडीवरून सरकताना मी पाहिली. आपल्याकडे उसाच्या मोळ्यांची गाडी जावी, तितक्या सहजतेने ती फाटक ओलांडून गेली.

हा धंदा येथेच का रुजला, याचे उत्तर एखाद्या व्यापाऱ्याला चटकन पटेल असे आहे. जमीन सपाट, हवा मोकळी. आणि जवळच एल डोराडो येथे १९१५ साली तेल लागलेले. तेलाने हाती आलेला पैसा गुंतवणुकीची वाट शोधत होता. जेक मोलेनडिक नावाच्या तेलवाल्याने तो विमानांत घातला, आणि १९२० साली 'स्वॅलो' नावाचे विमान येथे उडाले. त्याच्या कारखान्यात तयार झालेले लॉइड स्टीअरमन आणि वॉल्टर बीच पुढे बाहेर पडले, क्लाइड सेस्ना या शेतकरी वैमानिकाला त्यांनी बरोबर घेतले आणि 'ट्रॅव्हल एअर' ही कंपनी काढली. काही वर्षांत तिघेही वेगळे झाले आणि प्रत्येकाने आपापले दुकान थाटले. भागीदारीतून फुटून तीन पेढ्या व्हाव्यात आणि तिन्ही चालाव्यात, हे आपल्याकडच्या बाजारपेठांतही घडते. रोज घडत नाही, एवढेच.

या साऱ्या मंडळींत माझे मन गुंतले ते मात्र हिशेबनीसाच्या जागेवर. ऑलिव्ह ॲन मेलर ही मुलगी ट्रॅव्हल एअरमध्ये वह्या लिहायला आणि पत्रव्यवहार सांभाळायला आली. लहानपणीच तिचे स्वतःचे बँकखाते होते आणि अकराव्या वर्षी ती घरची देणी चेक लिहून भागवीत असे, असे तिच्या चरित्रांत सांगतात. १९३० साली तिने वॉल्टर बीचशी विवाह केला आणि १९३२ साली, मंदी ऐन भरात असताना, दोघांनी बीच एअरक्राफ्ट सुरू केली. १९५० साली पती अकस्मात वारल्यावर तिने कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि पुढे कित्येक वर्षे ती सांभाळली. आपल्याकडील अनेक राज्य सरकारांनी मंत्र्यांसाठी घेतलेली 'किंग एअर' विमाने तिच्याच काळातील आराखड्याची अपत्ये. रोजमेळ लिहिणाऱ्या हातांनी कारखाना चालविला, ही गोष्ट चाळीस वर्षे खतावण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्याला सुखावणारी आहे.

विषय निघालाच आहे तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचेही स्मरण करावे. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली, ती विल्यम पॉली या अमेरिकन माणसाला हाताशी धरून. युद्धामुळे १९४२ साली तो कारभार सरकारने ताब्यात घेतला. विचिटाला जे भाग्य लाभले, ते सोलापूरच्या त्या सावकारी धाडसाला लाभले असते तर काय झाले असते, हा विचार तेथे माझ्या मनात वारंवार येऊन गेला.

गेल्या सप्टेंबरात मी विचिटाला गेलो तो माझ्या भाच्याकडे. त्याचा तेथे विमानांचे सुटे भाग कातून देण्याचा छोटा कारखाना आहे; तीस-पस्तीस माणसे कामाला. जाण्यापूर्वीच फोनवर त्याने सांगितले होते, "मामा, फिरायला या, पण येताना चष्मा विसरू नका. काही कागद दाखवायचे आहेत." ते कागद एका जुन्या 'सायटेशन मस्टँग' विमानाच्या खरेदीचे निघाले. तीन भागीदार, प्रत्येकी तिसरा हिस्सा. त्याची गिऱ्हाइके नेब्रास्का, ओक्लाहोमा, टेक्सास अशी विखुरलेली. गाडी हाकण्यात आठवड्यातून दोन दिवस जातात, ही त्याची तक्रार खरी होती. भाचेसून मात्र या विषयावर गप्प राहून ताटे वाढत होती, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला पहिल्याच रात्री समजला.

छोट्या जेट विमानाचा इतिहास या गावी बिल लिअरपासून सुरू होतो. तोही अवलिया होता. मोटारीतील रेडिओपासून अनेक गोष्टींत त्याचा हात होता, आणि एका स्विस लढाऊ विमानाच्या आराखड्यावरून स्फूर्ती घेऊन त्याने श्रीमंतांचे जेट बनवायला घेतले. १९६२ साली तो स्वित्झर्लंडमधून विचिटाला आला आणि ७ ऑक्टोबर १९६३ रोजी लिअरजेटने पहिले उड्डाण केले. पुढच्याच वर्षी ते पहिले विमान सरकारी चाचणीत शेतात कोसळले. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. आणि विम्याची जी रक्कम मिळाली, ती पैशाच्या ओढगस्तीत सापडलेल्या लिअरला कामाला आली. आत साडेचार फूट उंचीही नव्हती. उभे राहता येत नाही अशी कोणी कुरकुर केली, तर कॅडिलॅक गाडीत तरी कोठे उभे राहता येते, असे तो विचारी म्हणतात. १९९० साली ही कंपनी कॅनडाच्या बोम्बार्डिएने घेतली आणि २०२२ साली शेवटचे लिअरजेट गिऱ्हाइकाच्या हवाली झाले. कारखाना अजून विमानतळाच्या कडेला आहे. नाव मात्र इतिहासात गेले.

सेस्नाने उलट वाट धरली. तिच्या सायटेशनचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९६९ मधले. सरळ पंखांचे, आखूड धावपट्टीवर उतरणारे आणि चालवायला सोपे असे ते विमान, पण वेगाने बेताचे. इतके, की या विमानाला पक्षी मागून येऊन धडकतात, असा विनोद वैमानिकांत रूढ झाला. विनोद करणारे राहिले आणि सायटेशन हजारोंनी खपले. मस्टँग हे त्याच घराण्यातले सर्वांत धाकटे. २००६ ते २०१७ या काळात सुमारे पावणेपाचशे विकले गेले. पुढे दोन खुर्च्या, मागे चार. दारापाशी पडद्याआड एक 'सोय' आहे. ती वापरण्यापूर्वी सहप्रवाशांशी आपले नाते किती जवळचे आहे, याचा विचार करावा लागतो.

आता कागदांकडे वळतो. असे जुने मस्टँग वीस लाख डॉलरच्या आसपास मिळते. आकडा मोठा असला तरी फसवा आहे, कारण खरेदी हा या व्यवहारातील सर्वांत सोपा भाग. विमान हलो वा न हलो, हँगरचे भाडे, विमा, नकाशे व उपकरणांच्या वर्गण्या, वैमानिकाचा पगार आणि त्याचे प्रशिक्षण हे खर्च लागूनच असतात. अमेरिकेत जेटच्या वैमानिकाला त्याच जातीच्या विमानाचा वेगळा परवाना लागतो, आणि दर वर्षी त्याची परीक्षा पुन्हा होते. हँगर टाळावे म्हटले तर कॅन्ससच्या गारा आहेत. वसंत ऋतूत येथे लिंबाएवढ्या गारा पडतात. एका दुपारीत पंखांवर खळगे पडून विमान भंगाराच्या भावात जाऊ शकते. म्हणून हँगरला प्रतीक्षायादी.

समजा, हे सारे स्थिर खर्च वर्षाला दोन लाख डॉलर आले. विमान वर्षात दोनशे तास उडाले तर तासाला हजार डॉलर पडले; शंभर तास उडाले तर दोन हजार; पन्नास तास उडाले तर चार हजार. हे इंधनाचा थेंबही जळण्यापूर्वीचे. दुकानाचे भाडे आणि गाळ्यातील विक्री यांचा मेळ ज्याने कधी घातला आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

उडू लागले की ताशी नव्वद ते शंभर गॅलन इंधन, म्हणजे साडेतीनशे लिटरच्या आसपास. शिवाय दोन्ही इंजिनांची साडेतीन हजार तासांनी मोठी दुरुस्ती. तो खर्च इतका अजस्र, की बहुतेक मालक इंजिन बनविणाऱ्या कंपनीकडे दर उडत्या तासामागे ठरावीक रक्कम भरत जातात, भिशीसारखी. गंमत अशी, की ही भिशी चालू असलेल्या विमानाची किंमत चढी, आणि नसलेल्याची उतरती. विकणाऱ्याने तासाचे पैसे भरले नसतील, तर ते घेणाऱ्याच्या खिशातून जाणार हे बाजाराला ठाऊक असते.

इंधन कोठे भरावे हेही एक शास्त्र आहे. छोट्या विमानांसाठी प्रत्येक विमानतळावर एक खासगी ठाणे असते, त्याला तिकडे 'एफबीओ' म्हणतात. मी त्याला विमानांची धर्मशाळा म्हणेन. मऊ कोच, गरम बिस्किटे, कॉफी, गावात फिरायला फुकट गाडी. आणि विमान उभे केल्याचे शुल्कही माफ, फक्त त्यांच्याकडून इतके गॅलन घ्या. शेजारच्याच विमानतळावर तेच इंधन गॅलनमागे दोन डॉलर स्वस्त असते. मग वैमानिक स्वस्त ठिकाणी टाकी भरून घेतो, आणि ते जादा वजन वाहून नेण्यात थोडे इंधन आणखी जळते. बिस्किटाची किंमत काढायला कागद-पेन्सिल लागावी, असे ठिकाण मी दुसरे पाहिले नाही.

वजनाचे तर विचारूच नका. मस्टँगची टाकी पूर्ण भरली, की माणसे व सामान यांसाठी उरतात सुमारे सहाशे पौंड, म्हणजे पावणेतीनशे किलो, वैमानिक धरून. मागच्या चारही खुर्च्या भरायच्या तर टाकी रिकामी ठेवायची आणि वाटेत उतरायचे. सहा खुर्च्यांचे विमान म्हणून घ्यायचे आणि लांबच्या प्रवासात तिघांनी बसायचे, असा हा प्रकार. जबारा विमानतळावरून विकणाऱ्याच्या वैमानिकाने आम्हांला ओमाहापर्यंत एक फेरी घडविली, तेव्हा त्याने नमस्कार-चमत्कार होताच पहिला प्रश्न मला केला तो वजनाचा. मी सांगितलेला आकडा त्याने लिहून घेतला आणि माझ्याकडे एकवार पाहून त्यात गुपचूप थोडी भर घातली.

तो प्रवास मात्र सुंदर होता. विचिटा ते ओमाहा गाडीने साडेचार-पाच तास. आम्ही सुमारे पन्नास मिनिटांत पोहोचलो. रांग नाही, तपासणी नाही, गाडीतून उतरून वीस पावलांवर विमान. खाली कापलेल्या शेतांचे चौकोन, मध्येच फिरत्या पाटांनी भिजविलेली गोल शेते, आणि वर निळे, अगदी निळे आकाश. भाच्याचा चेहरा मी पाहत होतो. दहा वर्षांचा असताना पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभा राहणारा मुलगा मला त्यात दिसला. त्याच्या कागदातील दोन दिवसांच्या बचतीहून ही ओढ मोठी आहे, हे मी तेव्हाच ओळखले. त्यात गैर काहीच नाही. पण ती वहीत कोणत्या खात्यावर लिहायची, हे आधी ठरलेले बरे.

ओमाहा हे वॉरन बफे यांचे गाव. त्यांनीही हा हिशेब एकदा केला होता. कंपनीसाठी ८,५०,००० डॉलरला घेतलेले जुने जेट तीन वर्षांनी विकून १९८९ साली त्यांनी ६७ लाख डॉलरचे दुसरे जुने जेट घेतले, आणि काटकसरीचा उपदेश करणाऱ्या स्वतःचीच थट्टा म्हणून त्याचे नाव ठेवले 'असमर्थनीय'. पुढे ते नाव बदलून 'अपरिहार्य' झाले. आणि १९९८ साली, विमानाचे हिस्से विकणारी नेटजेट्स ही कंपनीच त्यांनी विकत घेतली. विमानाचा षोडशांश घ्या, तेवढेच तास उडा, बाकी डोकेदुखी आमची, असा तो धंदा. ज्याला शौकाचा हिशेब बसेना, त्याने त्या शौकाचे दुकान घातले. व्यापारी बुद्धी म्हणतात ती हीच.

मला स्वतःला सर्वांत मोह पडला तो विमानाच्या वह्यांचा. सांगाड्याची एक, प्रत्येक इंजिनाची एक. पहिल्या उड्डाणापासूनचा प्रत्येक तास, प्रत्येक बदललेला भाग, तारीख आणि तपासनिसाची सही. यांतील एक वही हरवली, तर विमान धडधाकट असूनही त्याची किंमत मोठ्या प्रमाणात कोसळते. मालकी आणि बोजाची नोंद साऱ्या देशासाठी ओक्लाहोमा सिटीतील एकाच सरकारी कचेरीत होते. कर्ज फिटूनही बोजा उतरवायचा राहिला, तर वर्षांनंतर विक्री अडते. सात-बाराच्या उताऱ्यावर हयात घालविलेल्या माणसाला परक्या देशात असा आप्त भेटला. विक्रीला काढलेल्या या मस्टँगच्या वह्या मी दोन दिवस वाचल्या. त्या स्वच्छ होत्या. खोट होती ती आमच्याच कागदांत.

भाच्याच्या सल्लागाराने साऱ्या योजनेचा पाया घातला होता घसाऱ्यावर. अमेरिकेत २०१७ च्या कायद्याने विमानाची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी खर्ची टाकता येऊ लागली. मध्यंतरी ती सवलत उतरत गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा पूर्ण झाली. करात मोठी बचत दिसते. पण वापर निम्म्याहून अधिक धंद्यासाठी झाला पाहिजे आणि तो उड्डाणागणिक दाखवता आला पाहिजे. शिवाय उद्या विमान विकले तर पुस्तकी किंमत शून्य असल्याने आलेल्या रकमेवर कर परत द्यावा लागतो. ही सवलत म्हणजे माफी नव्हे, मुदतवाढ आहे.

तरीही मी त्याला अडविले ते यासाठी नव्हे. मी त्याला नोव्हेंबर २००८ ची आठवण दिली. डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला खासगी जेटने वॉशिंग्टनला गेले, देशभर संताप उसळला, मंदी होतीच. विचिटात मागण्या रद्द झाल्या आणि हजारो कामगार घरी बसले. त्याच सुमारास 'एक्लिप्स' या स्वस्त जेटच्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि बयाणा भरून बसलेल्यांचे पैसे अडकले. वापरलेल्या जेटचे भाव कोसळले. आता भाच्याचा कारखाना चालतो तो विमानांच्या सुट्या भागांवर. बँकेने विमानाखेरीज कारखानाही तारण मागितला होता, आणि तिघांची जबाबदारी एकत्र तसेच स्वतंत्र अशी लिहिली होती. म्हणजे ज्या महिन्यात त्याचे उत्पन्न आटेल, त्याच महिन्यात त्याच्या तारणाची किंमत घसरेल, आणि त्याच महिन्यात एखादा भागीदार हप्ता चुकवील. दुसरा भागीदारही याच उद्योगातला होता. कर्जाच्या अर्जावर सही करताना मी असे एकाच धाग्यात ओवलेले तारण कधी मान्य केले नाही. शेतकऱ्याने उसाच्या कर्जाला ऊसच तारण ठेवावा, त्यातली गत.

मी त्याला गेल्या वर्षाची डायरी काढायला लावली. खरेच उडता आले असते असे तास त्याचे एकट्याचे अठ्ठेचाळीस भरले. बाकी दोघांचे मिळून ऐंशीच्या घरात. आणि तिघांनाही विमान हवे ते सोमवारी सकाळी.

"म्हणजे भाड्याने घेतले तर स्वस्त पडेल, असे म्हणता मामा?" त्याने विचारले.

"इतक्या तासांना, हो. शंभर-दीडशे एकट्याचे झाले की पुन्हा मला बोलाव."

भाचेसुनेने त्या वेळी प्रथमच तोंड उघडले. ती म्हणाली, "मामा, कारखाना गहाण नसता, तर तुम्ही हो म्हणाला असता का?" मी थोडा विचार करून सांगितले, की कदाचित हो, शौक स्वतःच्या शिलकेतून करणाऱ्याला मी कधी अडविले नाही.

तटस्थ खात्यात ठेवलेला बयाणा तपासणीपूर्वी परत मिळण्याची तरतूद होती. तो आठवड्याभरात परत आला. दोघे भागीदार काही दिवस रुसले. ते विमान टेक्सासच्या एका डॉक्टराने घेतले. त्याच्या शेपटावरील क्रमांक भाच्याने फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे. तिकडे कोणते विमान कोठे आहे हे कोणालाही पाहता येते, आणि तो अधूनमधून पाहतो. परवा त्याने मला कळविले, की गेले अकरा दिवस ते ह्यूस्टनजवळच्या हँगरमधून हललेले नाही.